मार्क डोनाह्यू : वर्तुळात फिरणारा इंजिनिअर

मार्क डोनाह्यू हा आपल्यासारखाच मेकॅनिकलवाला. जन्म १९३७, अमेरिका. १९५९ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीतून पास झाला आणि १९६१ मध्ये एल्व्हा कुरिअर गाडीवर हौशी रेसर्सची राष्ट्रीय चॅम्पियनशिप जिंकला.

१९६६ पासून तो रॉजर पेन्स्केच्या टीममध्ये. तिथे त्याचं खरं डोकं चाललं ते स्किडपॅडवर. स्किडपॅड म्हणजे डांबरावर आखलेलं एक मोठं वर्तुळ, बस! (वाळूजच्या रिकाम्या प्लॉटवरही आखता येईल.) त्यावर गाडी जमेल तेवढी जोरात फिरवायची आणि वेळ घ्यायची. पुढची चाकं बाहेर घसरतायत? मग पुढचा अँटी-रोल बार नरम करा, नाहीतर मागचा कडक, आणि पुन्हा फिरा. मग टायर आत, मध्ये, बाहेर किती तापलाय ते बघायचं. मधलाच भाग जास्त गरम असेल तर हवा जास्त झालीय. ऐकायला बोअरिंग वाटतं, पण ड्रायव्हर स्वतःच इंजिनिअर असल्यामुळे गाडी काय सांगतेय ते त्याला थेट कळायचं. १९७२ ची इंडियानापोलिस ५०० त्याने जिंकली.

१७ ऑगस्ट १९७५ ला ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सरावात त्याच्या गाडीचा टायर फुटला. अपघातानंतर तो शुद्धीवर होता, बोलतही होता. मग डोकं दुखायला लागलं. दोन दिवसांनी मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. वय ३८.