तुमचं वजन जास्त की कमी, हे सांगणारा फॉर्म्युला डॉक्टरनं नाही, एका खगोलशास्त्रज्ञानं शोधलाय

जिमचा पहिला दिवस असो, ऑफिसचं हेल्थ चेकअप असो की विम्याचा फॉर्म, दोन आकडे हमखास विचारले जातात. उंची किती आणि वजन किती? त्यातून तिसरा आकडा काढला जातो, तो म्हणजे बीएमआय. या एका आकड्यावर माणूस फिट, जाड किंवा हडकुळा ठरतो.

पण ज्या माणसानं हे गणित मांडलं, तो डॉक्टर नव्हता. आहार, लठ्ठपणा, डायबेटिस यातलं काहीही त्याच्या डोक्यात नव्हतं. तो आकाशातले तारे मोजणारा माणूस होता. नाव अडॉल्फ केटले.

केटलेचा जन्म २२ फेब्रुवारी १७९६ चा, गेंट शहरातला. आज हे शहर बेल्जियममध्ये आहे, पण तेव्हा बेल्जियम नावाचा देशच नव्हता आणि गेंटवर फ्रान्सची सत्ता होती. केटले ७ वर्षांचा असताना वडील गेले. घर चालवायचं तर कमवायला लागणार, म्हणून शिक्षण संपताच विशीच्या आत तो गणित शिकवायला लागला.

तसा त्याचा जीव कलेत रमायचा. तो चित्रं काढायचा, कविता करायचा, एका मित्राबरोबर त्यानं ऑपेरासुद्धा लिहिला. पण शेवटी गणितानं बाजी मारली. १८१९ मध्ये गेंटच्या नव्या विद्यापीठातून त्यानं गणितात डॉक्टरेट मिळवली आणि तो ब्रुसेल्सला शिकवायला गेला.

तिथं गेल्यावर त्यानं एकच ध्यास घेतला, शहरात वेधशाळा उभी करायची. सरकारनं त्याला अभ्यासासाठी पॅरिसला पाठवलं. तिथं दुर्बिणी कशा लावायच्या हे तो शिकलाच, पण लाप्लास, फूरिये यांच्यासारख्या बड्या गणितज्ञांच्या संभाव्यतेच्या गणिताशीही त्याची गाठ पडली. पुढचं सगळं आयुष्य या गणितानं बदललं.

ब्रुसेल्सच्या वेधशाळेचं काम सुरू झालं आणि केटले तिचा संचालक झाला. पण इमारत अजून अर्धवट असतानाच १८३० ची क्रांती पेटली. बेल्जियम वेगळा देश व्हावा म्हणून रस्त्यावर लढाई सुरू झाली आणि लढणाऱ्यांनी वेधशाळेचाच ताबा घेतला. देश स्वतंत्र झाला, पण दुर्बिणी लांबणीवर पडल्या.

ताऱ्यांवरून माणसांवर

लोकसंख्या, जन्म, मृत्यू यांचे आकडे केटले आधीपासूनच गोळा करत होता. आता त्यात तो पुरता बुडाला.

त्याची कल्पना समजून घ्यायची तर आधी तेव्हाच्या खगोलशास्त्रज्ञांची एक अडचण समजून घ्यावी लागते. एकाच ताऱ्याची जागा दहा जणांनी मोजली की दहा उत्तरं यायची. मग सगळ्यांची सरासरी काढायची. बहुतेक उत्तरं या सरासरीच्या आसपास असायची आणि फार चुकलेली उत्तरं मोजकीच असायची. म्हणजे सरासरी हे खऱ्या उत्तराच्या सगळ्यात जवळचं, बाकी सगळ्या चुका.

केटलेनं हीच पद्धत माणसांना लावली. त्याच्या हाती ५,७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं लागली. त्याची सरासरी साधारण ४० इंच आली. बहुतेक सैनिक याच्या जवळपास होते, अगदी भरदार छातीचे थोडे आणि अगदी बारीक छातीचेही थोडे. हुबेहूब ताऱ्यांच्या मोजमापासारखं.

फ्रान्सच्या सैन्यभरतीतल्या तरुणांच्या उंचीचे आकडे त्यानं असेच तपासले. तेव्हा १५७ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या तरुणाला सैन्यातून सूट मिळायची. गणितानुसार जेवढे बुटके असायला हवे होते, त्यापेक्षा बरेच जास्त बुटके यादीत होते आणि १५७ च्या जरा वर असलेले मात्र कमी पडत होते. केटलेनं निष्कर्ष काढला की भरती चुकवण्यासाठी जवळपास २ हजार तरुणांची उंची कमी दाखवली गेली. एकालाही न भेटता, फक्त कागदावरचे आकडे बघून त्यानं ही चलाखी पकडली.

१८३५ मध्ये त्याचं गाजलेलं पुस्तक आलं आणि त्यातून 'सरासरी माणूस' ही कल्पना जगापुढे आली. याच पुस्तकात त्यानं गुन्ह्यांचाही हिशोब मांडला होता. फ्रान्समध्ये दरवर्षी होणाऱ्या गुन्ह्यांचा आकडा जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे गुन्ह्यांची मुळं समाजाच्या परिस्थितीत आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. मग माणसाच्या स्वतःच्या इच्छेला काही अर्थ आहे की नाही, असा सवाल करत टीकाकार त्याच्यावर तुटून पडले.

आणि वजनाचं काय?

लहान बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणसाचं शरीर कसं वाढतं, हे केटलेला शोधायचं होतं. माणूस उंची, रुंदी आणि जाडी या तिन्ही बाजूंनी सारखाच वाढत असता, तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढलं असतं. पण मोठ्या माणसांत ते साधारण उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतं, असं त्याला दिसलं.

आजचा बीएमआय म्हणजे हेच गणित. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. पण कोण जाड आणि कोण बारीक हे केटलेनं कुठंच ठरवलं नव्हतं. त्याला एका माणसात नाही, हजारो माणसांच्या सरासरीत रस होता.

पुढं त्याचं नाव युरोपभर झालं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट तरुणपणी त्याचा विद्यार्थी होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल त्याला फार मानायची. १८५३ ची पहिली आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद ब्रुसेल्सला भरली, ती त्याच्याच पुढाकारानं. १८५५ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, स्मरणशक्तीवर परिणाम झाला, तरी त्यानं काम सोडलं नाही. १७ फेब्रुवारी १८७४ रोजी, ७८ व्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी, तो गेला.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये अमेरिकेचे संशोधक अँसल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या ७ हजारांहून जास्त पुरुषांवर वेगवेगळे फॉर्म्युले तपासले. त्यात केटलेचं जुनं गणित सोपं आणि कामाचं ठरलं. त्यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. या अभ्यासात एकही बाई नव्हती. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं १८.५ ते २४.९ ही नॉर्मल रेंज धरली, २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा.

भारतीयांचं गणित मात्र इथंच बिघडतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी जास्त अशी भारतीय शरीराची ठेवण असते, हे पुण्यातल्या संशोधनानं जगाला दाखवलं. म्हणूनच भारतात जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर धरली जाते.

म्हणजे ५ फूट ५ इंच, अर्थात १६५ सेंटीमीटर उंची असेल, तर भारतीय हिशोबानं योग्य वजन साधारण ५० ते ६२ किलो. जागतिक हिशोबानं तेच ६८ पर्यंत चालतं.

अर्थात बीएमआय कसलेल्या पैलवानाचं स्नायूंचं वजन आणि सुटलेल्या पोटाची चरबी यात फरक करत नाही. म्हणून डॉक्टर कमरेचा घेरही मोजायला सांगतात. भारतीय पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या वर घेर गेला, तर बीएमआय नॉर्मल असला तरी शुगर आणि बीपी तपासून घेतलेलं बरं.