पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि स्वाभिमान

महाराष्ट्रातील स्त्री-सुधारणेच्या इतिहासात पंडिता रमाबाईंइतके वादळी आयुष्य क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ही एकच गोष्ट अनेकांच्या स्मरणात राहिली आणि त्यांच्याविषयीची मतेही त्यावरूनच बनत गेली. मात्र, ज्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच्या बिशपांशीही त्यांनी कडाक्याचा वाद घातला आणि पुढे ब्रिटिश सरकारलाही जाब विचारला. त्यांच्या चरित्राचा हा भाग तुलनेने अपरिचितच राहिला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. आईकडून ते ज्ञान रमाबाईंना मिळाले. पुराणे सांगत तीर्थक्षेत्रे हिंडणाऱ्या या कुटुंबावर दक्षिणेतील दुष्काळात घाला पडला. आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह हजारो मैलांची पायपीट करीत रमाबाई १८७८मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. भावाच्या निधनानंतर १८८०मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८२मध्ये पतीचे निधन झाले, तेव्हा मुलगी मनोरमा अवघ्या काही महिन्यांची होती.

त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याचा आग्रह धरला. वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या; पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील मठात राहत असताना त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथे मठवासी भगिनींचे काम पाहिले. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आपुलकीने पुन्हा उभे केले जात होते. अशा स्त्रियांसाठी शास्त्रांत केवळ शिक्षाच सांगितलेली त्यांनी वाचली होती. ही करुणा कोठून येते, या प्रश्नाने त्यांना ख्रिस्ताकडे नेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मात्र, धर्म बदलला म्हणजे विचारस्वातंत्र्य गहाण टाकले, असे त्यांनी मानले नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, असा प्रस्ताव पुढे आला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. भारतात जाणकार पुरुषांसमोर सभा गाजवलेल्या रमाबाईंना हे बंधन अपमानास्पद वाटले. आपले निर्णय परस्पर घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे त्यांनी पत्रांतून ठणकावून सांगितले. त्रैक्याचा सिद्धान्त पटला नाही, तोवर तो मान्य असल्याचे त्यांनी म्हटले नाही. क्रॉसवर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत, असा आग्रहही त्यांनी धरला. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटे. त्यांनी जपून ठेवलेला हा पत्रव्यवहार १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. इकडे पुण्यात धर्मांतरावरून टीकेची झोड उठली असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली.

१८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक तेथे गाजले. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवण्यात आले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. सदनात धर्मप्रसार होणार नाही, असे ठरले होते. पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या. 'केसरी'ने टीकास्त्र सोडले. १८९३मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा विश्वास आणि स्वतःची श्रद्धा यांतला हा पेच खराच होता. येणाऱ्या मुलीला दार बंद करणार नाही, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही आणि त्याची किंमतही मोजली.

१८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या. स्वतः भूक अनुभवलेली असल्याने त्यांना घरी बसवले नाही. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. शारदा सदनातील एका तरुण मुलीवर सरकारी प्लेग रुग्णालयात ओढवलेल्या प्रसंगाने रमाबाई संतापल्या. तेथे स्त्रियांच्या अब्रूची हमी नाही, असा आरोप त्यांनी मे १८९७मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मधील पत्रातून जाहीरपणे केला. हा प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, हे कारण रमाबाईंना गप्प बसण्यास पुरेसे वाटले नव्हते.

दौंड तालुक्यातील केडगाव येथे उभ्या राहिलेल्या 'मुक्ती मिशन'मध्ये १९००च्या सुमारास जवळपास दोन हजार स्त्रिया आणि मुले आश्रयाला होती. शेती, विणकाम, छपाई अशी कामे तेथे स्त्रियाच करीत. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. हे मिशन उघडपणे ख्रिस्ती होते आणि त्यावर टीकाही झाली. अखेरची वर्षे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२१मध्ये मनोरमाबाई गेल्या. भाषांतराचे काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला.

शास्त्री, बिशप आणि गव्हर्नर या तिन्ही सत्तांना रमाबाई अडचणीच्या वाटल्या. धर्म बदलण्याआधी त्या जो प्रश्न विचारत होत्या, तोच धर्म बदलल्यानंतरही त्यांनी विचारला. स्त्रीसाठीचे निर्णय तिला न विचारता कोणी आणि का घ्यावेत, हा तो प्रश्न होता. त्यांच्या धर्मांतराबाबत मतभेद राहतील. पण त्यांच्या श्रद्धेचे मोल करताना या प्रश्नाला वगळता येणार नाही.