गळाला पिसं बांधणारी मेरी

मेढ्याला वेण्णेत गळ टाकायचा तर आधी गांडूळ शोधायचं! पण थंड पाण्यातला ट्राउट मासा गळावर बांधलेल्या पिसा-दोऱ्यालाच किडा समजून फसतो. पाण्याखालच्या अळीसारखं दिसावं, तळाला जावं म्हणून आता त्यात मणीही ओवतात. या नाजूक कलेत नाव काढलं एका बाईनं.

मेरी ऑर्विस मार्बरी. जन्म १८५६, अमेरिकेतलं व्हरमाँट. आपल्या आनंदीबाई जोशी तिकडे डॉक्टर झाल्या, त्याच काळातली. वडिलांचा मासेमारीच्या सामानाचा धंदा. १८७६ साली, ऐन विशीत, मेरीनं असे किडे बांधायचा विभाग हाती घेतला. हाताखाली मुलीच. लग्न टिकलं नाही, काम मात्र सुटलं नाही.

अडचण एकच होती. एकाच नावाचे किडे गावोगाव वेगळे. गिऱ्हाईक मागणार एक, मिळणार भलतंच! मेरीनं देशभरच्या हौशी मासेमारांची पत्रं जमवली आणि १८९२ साली रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक काढलं. कुठलं पीस, कुठला रंग, सगळं नक्की झालं. १९१४ साली ती गेली, पुस्तक राहिलं.

आजीच्या हातची मण्यांची तोरणं आपण कधी लिहून ठेवली का? मैत्रिणींनो, आजच वही काढा!