तारेला रेशीम गुंडाळणारा शास्त्रज्ञ

घरातला पंखा बंद पडला की कारागीर तो उघडून पाहतो आणि वाइंडिंग जळल्याचे सांगतो. जळते ते बहुतेक वेळा तारेवरचे पातळ वेष्टन. तांब्याची तार शाबूत असते. पण वेष्टन गेले की वेढे एकमेकांना भिडतात आणि वीज जवळची वाट धरते. असे वेष्टन असलेली तार आज दुकानात वजनावर मिळते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मात्र ती हवी असेल, तर स्वतःच तयार करावी लागे. हे किचकट काम चिकाटीने करून विद्युतचुंबकाला खरे सामर्थ्य मिळवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे जोसेफ हेन्री.

हेन्री यांचा जन्म अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे १७ डिसेंबर १७९७ रोजी एका गरीब कुटुंबात झाला. बालपणाचा काही काळ गॅलवे या गावी आजीकडे गेला. शाळा सुटल्यावर दुकानात काम, पुढे घड्याळे व चांदीचे जिन्नस घडविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी, असा त्यांचा प्रवास झाला. या काळात त्यांना ओढ होती ती नाटकाची. सोळाव्या वर्षाच्या सुमारास विज्ञानावरील व्याख्यानांचे एक पुस्तक हाती पडले आणि आयुष्याची दिशा बदलली. १८१९ मध्ये त्यांना ऑल्बनी अकॅडमीत विनाशुल्क प्रवेश मिळाला. चरितार्थासाठी शिकवण्या करून त्यांनी शिक्षण घेतले आणि १८२६ मध्ये तेथेच ते गणित व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यापूर्वी इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी विद्युतचुंबक बनविला होता. लोखंडी नालेला रोगण लावून त्यांनी तिच्यावर उघड्या तांब्याच्या तारेचे अवघे १८ वेढे दिले होते. तार उघडी असल्याने वेढे एकमेकांपासून दूर ठेवणे भाग होते. साहजिकच चुंबकाच्या ताकदीला मर्यादा पडली. हेन्री यांनी वेष्टन लोखंडाऐवजी तारेलाच दिले. रेशीम गुंडाळलेली तार विद्युतमापक उपकरणांत वापरली जात असे. तिचा उपयोग त्यांनी चुंबकासाठी केला. आता वेढे एकमेकांना खेटून, थरावर थर देता येऊ लागले. १८२९ मध्ये त्यांनी सुमारे ४०० वेढ्यांचा चुंबक दाखविला.

या रेशमासाठी त्यांनी पत्नीचा परकर फाडून चिंध्या केल्या, अशी आख्यायिका सांगितली जाते. परंतु त्यांचा विवाह १८३० मध्ये झाला आणि तारेचे काम त्याआधीच सुरू झाले होते. तेव्हा ती कथा गंमत म्हणूनच ऐकावी. खरी गोष्ट याहून साधी व कष्टाची आहे. दिवसाचे कित्येक तास वर्गात जात. प्रयोगासाठी मोकळी जागा व सवड मिळे ती मुख्यतः ऑगस्टच्या सुटीत. शेकडो फूट तार गुंडाळायची आणि एखाद्या ठिकाणी जरी वेष्टन सुटले, तरी वेढे एकमेकांना भिडून श्रम वाया जायचे.

या श्रमांचे फळ मोठे होते. २१ पौंडांच्या लोखंडी नालेवर प्रत्येकी ६० फूट तारेची नऊ वेटोळी चढवून त्यांनी ७५० पौंड वजन उचलून दाखविले. येल महाविद्यालयासाठी १८३१ मध्ये तयार केलेल्या चुंबकाने २ हजार पौंडांहून अधिक भार पेलला. त्याच सुमारास अकॅडमीच्या दालनात मैलभर तार फिरवून त्यांनी दुसऱ्या टोकाची घंटा वाजविली. तारायंत्राचे बीज या घंटेत होते.

त्याच ऑगस्टमध्ये लंडनमध्ये मायकेल फॅरडे लोखंडी कड्यावर तार गुंडाळत होते. त्यांनी वेढ्यांमध्ये सुती कापड आणि दोरा घातला होता. विद्युतप्रवर्तनाचा शोध दोघांनाही स्वतंत्रपणे लागला. मात्र फॅरडे यांनी तो आधी प्रसिद्ध केला आणि श्रेय त्यांना मिळाले. हेन्री यांचा निबंध १८३२ मध्ये आला. त्यातील स्वयंप्रवर्तनाचे निरीक्षण मात्र सर्वस्वी त्यांचे होते.

हेन्री यांनी आपल्या चुंबकाचे पेटंट घेतले नाही. ज्ञान सर्वांसाठी खुले असावे, ही त्यांची धारणा होती. सॅम्युएल मोर्स यांच्या तारायंत्राला याच चुंबकाचा आधार मिळाला. पण पैसा व कीर्ती मोर्स यांच्या वाट्याला आली. आपल्या कामाची पुरेशी दखल घेतली गेली नाही, याची खंत हेन्री यांना होती.

१८३२ मध्ये ते प्रिन्स्टन येथे प्राध्यापक झाले आणि १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे पहिले सचिव. तेथे त्यांनी तारायंत्राच्या साह्याने हवामानाच्या नोंदी गोळा करण्याची व्यवस्था उभी केली. १८७५ मध्ये भेटीस आलेल्या तरुण अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना विजेचे ज्ञान कमी पडत होते. ते मिळवून काम पुढे न्यावे, असा सल्ला हेन्री यांनी दिला. १३ मे १८७८ रोजी त्यांचे निधन झाले.

१८९३ मध्ये प्रवर्तकत्वाच्या एककाला हेन्री हे नाव देण्यात आले. शाळकरी मुले आज ते पाठ करतात. त्या नावामागे मात्र एक शिक्षक आहे, सुटीच्या दिवसांत तारेला रेशीम गुंडाळत बसलेला.