महिपती ताहराबादकर

महिपती ताहराबादकर (इ.स. १७१५ – इ.स. १७९०) हे अठराव्या शतकातील मराठी संतचरित्रकार, कवी व कीर्तनकार होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील ताहराबाद हे त्यांचे गाव. भक्तविजय, भक्तलीलामृत, संतलीलामृत व संतविजय या ओवीबद्ध ग्रंथांतून त्यांनी महाराष्ट्रातील व उत्तर भारतातील संतांची चरित्रे सांगितली. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम आदी संतांविषयीच्या ज्या कथा आज मराठी माणसाला तोंडपाठ असतात, त्यांपैकी बहुतेकांचे सर्वपरिचित रूप महिपतींच्या ग्रंथांतून आलेले आहे. देवपूजा, नामस्मरण, कीर्तन व संतकथांचे श्रवण यांतून संसारी माणसालाही नित्य व आनंदाने देवाची सेवा करता येते, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होय.

जन्म व घराणे

महिपतींचा जन्म शके १६३७ मध्ये ताहराबाद येथे झाला. त्यांचे मूळ आडनाव कांबळे असून ते ऋग्वेदी देशस्थ ब्राह्मण होते. वडिलांचे नाव दादोपंत. हे घराणे मूळचे मंगळवेढ्याचे असल्याचे सांगितले जाते. दादोपंत पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. उतारवयात विठ्ठलाच्या कृपेने त्यांना पुत्रप्राप्ती झाली, अशी परंपरा आहे. विठ्ठलभक्ती आणि पंढरीची वारी या दोन्ही गोष्टी अशा रीतीने महिपतींना घरातूनच मिळाल्या.

ताहराबादचे कुलकर्णीपण व जोशीपण या घराण्याकडे होते. गावच्या जमिनीचे दप्तर ठेवणे, वसुलाचा हिशेब लिहिणे व जहागीरदाराच्या कचेरीत तो समजावून देणे ही कुलकर्ण्याची कामे. या कामामुळे महिपतींना लेखन व हिशेब यांचा सराव लहानपणापासूनच झाला. वडिलांच्या मागे ही जबाबदारी त्यांच्यावर आली.

लेखणीचा त्याग

महिपतींच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग त्यांच्या चरित्रपरंपरेत आवर्जून सांगितला जातो. एके दिवशी ते देवपूजेस बसले असता गावच्या मुसलमान जहागीरदाराचा शिपाई कचेरीचे बोलावणे घेऊन आला. पूजा आटोपताच येतो, असे त्यांनी कळवले. शिपायाला तेवढा विलंब मानवला नाही. त्याने कठोर शब्द वापरले आणि पूजा तशीच सोडून येण्याची सक्ती केली. महिपती कचेरीत गेले, हाती असलेले काम त्यांनी पुरे केले आणि घरी परतल्यावर कानावरची लेखणी काढून पांडुरंगाच्या चरणी ठेवली. यापुढे आपण व आपल्या वंशजांनी सरकारी चाकरीसाठी लेखणी धरू नये, असा निश्चय त्यांनी केला. पुढील पिढ्यांनीही तो पाळला, असे सांगितले जाते.

या निश्चयाची किंमत लहान नव्हती. कुलकर्णीपण हे वतन होते. घराचा चरितार्थ आणि गावातील मान दोन्ही त्यावर अवलंबून असत. ते काम सोडणे म्हणजे हक्काच्या उत्पन्नावर पाणी सोडणे होते. मात्र महिपतींनी संसार सोडला नाही, भगवी वस्त्रे घेतली नाहीत किंवा गावही सोडले नाही. लेखणीचाही त्यांनी कायमचा त्याग केला नाही. वसुलाचे आकडे मांडणारी तीच लेखणी पुढे संतांच्या कथा लिहिण्यात खर्ची पडली.

गुरुपरंपरा व नित्य उपासना

महिपतींनी संत तुकारामांना गुरुस्थानी मानले. तुकारामांचे निर्याण इ.स. १६५० मधील, म्हणजे महिपतींच्या जन्मापूर्वी पासष्ट वर्षांचे. त्यामुळे हा अनुग्रह स्वप्नात झाला, असे परंपरा सांगते. स्वतः तुकारामांनीही आपल्याला स्वप्नात गुरूपदेश झाल्याचे आपल्या अभंगांत नमूद केले आहे. संतांची चरित्रे गाण्याची आज्ञा आपल्याला तुकारामांकडून मिळाली, अशी महिपतींची श्रद्धा होती.

पूजा, नामस्मरण, पंढरीची वारी आणि कीर्तन हे त्यांच्या उपासनेचे मुख्य घटक होते. कीर्तनकाराला श्रोत्यांसमोर सतत नवी कथा मांडावी लागते. त्यासाठी जुने अभंग, चरित्रे व पुराणे यांचा अभ्यास सतत चालू ठेवावा लागतो. महिपतींच्या बाबतीत अभ्यास, कीर्तन आणि ग्रंथलेखन ही तीन वेगळी कामे नव्हती. जे वाचले ते कीर्तनात सांगावे आणि जे सांगितले ते ओवीत बांधावे, असा हा एकच व्यवसाय होता. त्यांच्या ओव्यांत श्रोत्यांना वारंवार केलेले संबोधन याच सवयीतून आलेले दिसते.

ग्रंथरचना

महिपतींचा पहिला मोठा चरित्रग्रंथ संतलीलामृत हा शके १६७९ (इ.स. १७५७) मध्ये पूर्ण झाला. तेव्हा त्यांचे वय बेचाळीस वर्षांचे होते. या ग्रंथात ३५ अध्याय आहेत. त्यानंतर शके १६८४ (इ.स. १७६२) मध्ये भक्तविजय सिद्ध झाला. ५७ अध्याय व ९,९१६ ओव्यांचा हा ग्रंथ त्यांची सर्वांत लोकप्रिय रचना होय. पानिपतचा संहार इ.स. १७६१ मधला; त्याच्या पुढच्याच वर्षी हा ग्रंथ पूर्ण झाला.

शके १६८७ (इ.स. १७६५) मध्ये १२ अध्यायांचा कथासारामृत हा ग्रंथ त्यांनी लिहिला. शके १६९६ (इ.स. १७७४) मधील भक्तलीलामृत हा त्यांचा सर्वांत प्रौढ ग्रंथ समजला जातो. यात ५१ अध्याय व १०,७९४ ओव्या आहेत. एकनाथ व तुकाराम यांची विस्तृत चरित्रे याच ग्रंथात येतात. तुकारामांच्या चरित्राला त्यांनी २५ ते ४० असे सोळा अध्याय दिले आहेत. संतविजय हा त्यांचा अखेरचा चरित्रग्रंथ २६ अध्यायांपर्यंत येऊन अपूर्ण राहिला. त्यात समर्थ रामदासांच्या चरित्राला मोठे स्थान आहे.

यांखेरीज पंढरीमाहात्म्य, तुलसीमाहात्म्य, अनंतव्रतकथा, ऋषिपंचमीव्रत, पांडुरंगस्तोत्र अशी लहान प्रकरणे आणि स्फुट अभंग व पदे त्यांनी रचली. भक्तविजय व भक्तलीलामृत या दोनच ग्रंथांच्या ओव्या वीस हजारांहून अधिक भरतात.

आधारसामग्री

महिपतींनी आपल्या कथा स्वतःच्या कल्पनेने रचल्याचा दावा केला नाही. भक्तविजयाच्या आरंभी त्यांनी आपल्या दोन प्रमुख आधारांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्यांपैकी एक म्हणजे उत्तरेतील नाभाजींनी रचलेली भक्तमाला आणि दुसरा म्हणजे माणदेशातील उद्धवचिद्घन यांनी लिहिलेली भक्तचरित्रे. या दोन्हींचा मेळ घालून आपण ग्रंथ सिद्ध केला, असे ते सांगतात. त्याशिवाय नामदेवांनी ज्ञानेश्वरादी भावंडांवर रचलेले अभंग, खुद्द तुकारामांचे अभंग आणि वारकऱ्यांमध्ये तोंडी चालत आलेल्या आख्यायिका यांचाही त्यांनी उपयोग केला.

उत्तरेचा आधार घेतल्यामुळे त्यांच्या ग्रंथांची कक्षा महाराष्ट्रापुरती राहिली नाही. भक्तविजयाचा आरंभ जयदेव व तुलसीदास यांच्या चरित्रांनी होतो. पुढे कबीर, नरसी मेहता, मीराबाई, रोहिदास यांच्या कथा नामदेव, गोरा कुंभार, चोखामेळा, जनाबाई, कान्होपात्रा यांच्या कथांसोबत येतात. श्रीगोंद्याचे सूफी परंपरेतील संतकवी शेख महंमद यांनाही त्यांनी संतमालिकेत आदराचे स्थान दिले.

भक्तीचे स्वरूप

महिपतींच्या कथांमधील संत बहुधा कामकरी व संसारी आहेत. गोरोबा मडकी घडवतात, सावता माळी मळ्याला पाणी देतात, सेना न्हावी हजामत करतात, जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करतात. यांपैकी कोणीही आपले काम भक्तीच्या आड येते म्हणून टाकून देत नाही. उलट देवच त्यांच्या कामात येऊन हात लावतो. जनाबाईंच्या जात्याचा खुंटा विठ्ठल धरतो आणि सेना पूजेत गुंतलेले असता त्यांच्याऐवजी देव राजाच्या चाकरीला हजर होतो.

सेना न्हाव्याची ही कथा आणि महिपतींच्या स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग यांत उघड साम्य आहे. दोघांनाही पूजेच्या वेळी सत्तेचे बोलावणे येते. सेनांच्या कथेत देव धावून येतो व चाकरी टिकते. महिपतींच्या बाबतीत मात्र चाकरी सोडण्याचा निर्णय त्यांना स्वतःलाच घ्यावा लागला. मंगळवेढ्याच्या दामाजींची कथाही त्यांनी रंगवून सांगितली आहे. दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्यांना खुले करणाऱ्या या अधिकाऱ्यासाठी विठ्ठल महाराचे रूप घेऊन बादशहाकडे रक्कम भरतो. राजसेवा व देवसेवा यांपैकी कोणाचा हक्क आधीचा, हा प्रश्न महिपतींनी या कथांतून पुन्हा पुन्हा मांडला आहे आणि त्याचे उत्तर नेहमी भक्ताच्या बाजूने दिले आहे.

त्यांच्या भक्तीत देहदंडाला विशेष स्थान नाही. टाळ-मृदंगाच्या गजरात नाचणे, नाम घेताना कंठ दाटून येणे, पंढरीच्या वाटेवर एकमेकांना आलिंगन देणे ही त्यांच्या लेखी देवसेवेची खरी लक्षणे होत. दुःख, दारिद्र्य व छळ या गोष्टी त्यांच्या चरित्रांत भरपूर आहेत. तुकारामांचा दुष्काळ, त्यांच्या वह्यांचे इंद्रायणीत बुडणे किंवा चोखामेळ्यांना सोसावा लागलेला अन्याय त्यांनी टाळलेला नाही. मात्र या संकटांतून संतांची प्रसन्नता मावळत नाही, हे दाखवण्याकडे त्यांचा कल असतो. अशा कथा ऐकणे हीच एक सेवा आहे, अशी त्यांची धारणा असल्याने ग्रंथाच्या श्रवणाचे फळ ते आवर्जून सांगतात.

भाषा व शैली

महिपतींचे समकालीन मोरोपंत संस्कृतप्रचुर आर्यांसाठी प्रसिद्ध आहेत. महिपतींची वाट याच्या उलट आहे. त्यांची ओवी सुबोध, वाहती व संभाषणाच्या जवळ जाणारी आहे. शेती, घरकाम व बाजार यांतील परिचित दृष्टांत ते एकापाठोपाठ एक देतात. संवादांमुळे प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहतात. कथानक लांबते, काही दृष्टांतांची पुनरुक्ती होते. परंतु हे ग्रंथ एकाने मोठ्याने वाचावेत व इतरांनी ऐकावेत यासाठीच रचलेले असल्याने ऐकणाऱ्याला ही पुनरुक्ती सोयीची ठरते.

ऐतिहासिक मूल्य

महिपतींचे ग्रंथ आधुनिक अर्थाने इतिहास नाहीत. त्यांत कालनिर्देश अल्प असून चमत्कारांची रेलचेल आहे. वेगवेगळ्या काळांतील संत त्यांच्या कथांत एकमेकांना भेटतात. ज्ञानदेव व नामदेव कबीरांच्या घरी गेल्याची कथा हे त्याचे उदाहरण होय. त्यामुळे अभ्यासक त्यांच्या विधानांचा उपयोग अन्य पुराव्यांशी ताडून पाहूनच करतात. असे असले तरी अठराव्या शतकातील लोकांच्या मनात संतांची कोणती प्रतिमा होती, हे जाणण्यासाठी हे ग्रंथ अत्यंत मोलाचे आहेत. विखुरलेले अभंग व तोंडी कथा एकत्र करून त्यांनी जपल्या नसत्या, तर त्यांपैकी कित्येक लुप्त झाल्या असत्या.

प्रभाव

भक्तविजयाची पोथी महाराष्ट्रातील असंख्य घरांत व देवळांत वाचली जात आली आहे. चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, रोज एक अध्याय वाचण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती व काही ठिकाणी आजही आहे. अक्षरओळख नसलेल्या स्त्री-पुरुषांना संतांची ओळख झाली ती मुख्यतः अशा वाचनातून. कीर्तनकारांनी उत्तररंगातील आख्यानांसाठी महिपतींच्या ग्रंथांचा सतत आधार घेतला. पुढे मराठी नाटके व चित्रपट यांनी संतजीवनातील जे प्रसंग रंगवले, त्यांतील अनेकांचा उगम याच परंपरेत आहे.

विसाव्या शतकात अमेरिकन मिशनरी व मराठीचे अभ्यासक जस्टिन ॲबट (इ.स. १८५३–१९३२) यांनी महिपतींचे लेखन इंग्रजीत आणले. महाराष्ट्रातील संतकवींवरील आपल्या मालेत त्यांनी एकनाथ, तुकाराम व रामदास यांची चरित्रे महिपतींच्या ग्रंथांवरून अनुवादित केली. पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने झालेला भक्तविजयाचा अनुवाद ॲबट यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या वाचकांनाही या संतकथा उपलब्ध झाल्या.

निधन व स्मृती

शके १७१२ (इ.स. १७९०) मध्ये श्रावण वद्य द्वादशीस, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ताहराबाद येथे महिपतींचे निधन झाले. ताहराबाद येथे त्यांचे देवस्थान असून पुण्यतिथीस भाविक तेथे जमतात. आषाढी वारीसाठी या गावाहून पंढरपूरला दिंडी जाते. ज्ञानेश्वरांच्या नेवाशाबरोबरच महिपतींचे ताहराबाद हेही जिल्ह्याच्या वारकरी परंपरेतील महत्त्वाचे स्थान मानले जाते.