चिक चॉकलेट व त्यांचें ट्रम्पेट

वरातीपुढें वाजणारा बँड आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील कोणत्या मुलानें ऐकला नाहीं? त्यांतील पितळी ट्रम्पेट हें वाद्य हिंदी चित्रपटांत ज्यांच्या फुंकरीनें गाजलें, त्या चिक चॉकलेट ह्यांची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस असावी, म्हणून हा अल्प प्रयत्न.

त्यांचें खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म इ. स. १९१६ मध्यें गोमंतकांतील हळदोणें ह्या गांवीं झाला. गोवा तेव्हां पोर्तुगीजांच्या सत्तेखालीं होता. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. हेतु उपासनेचा, परंतु त्याच विद्येवर पुढें शेंकडों गोमंतकीय तरुणांनीं मुंबई-कलकत्त्यास आपलीं पोटें भरलीं.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत १९३५ च्या सुमारास अमेरिकेंतील कृष्णवर्णी वादक येऊं लागले होते. त्यांच्या जाझ संगीताच्या मुळाशीं ब्लूज आहे. मिसिसिपीकांठीं कापसाच्या शेतांत राबणाऱ्या गुलामांच्या वंशजांचें तें गाणें. त्यांतील गांधार व निषाद धड कोमल नसतात, धड शुद्धही नसतात. दोहोंच्या मध्यें कोठें तरी ते हेलकावत राहतात. मींड ऐकलेल्या आपल्या कानांस ह्याचें फारसें नवल वाटूं नये. १९४० नंतर शिकागोच्या वादकांनीं हाच सूर विजेच्या गिटारवर काढला. इकडे चिक ह्यांनीं तो ट्रम्पेटवर काढला. न्यू ऑर्लिन्सचे लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचें दैवत. तीच घोगरी गुरगुर, तोच लांबविलेला व शेवटीं थरथरणारा वरचा सूर! लोक त्यांस भारताचे आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. हें केवळ अनुकरण, असें म्हणून कोणी नाक मुरडील; परंतु शिष्यानें गुरूची गायकी उचलली म्हणजे तिला आपण घराणें म्हणतों.

ताजमध्यें त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता. त्याच काळांत संगीतकार सी. रामचंद्र ह्यांच्याशीं त्यांचा योग जुळला. रामचंद्र चितळकर हे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. गाणें शिकले तें मात्र आपल्या नागपुरांत. चाल चितळकरांची, ती स्वरलिपींत उतरवून कोठें ट्रम्पेट, कोठें सॅक्सोफोन, कोठें नुसता ताल, हें योजण्याचें काम चिक ह्यांच्यासारख्या साहाय्यकांचें. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटानें हा मिलाफ घरोघरीं नेला. पुढें मदनमोहन ह्यांच्याकडेही त्यांनीं काम केलें.

येथें एक खंत वाटते. गाणें गाजलें कीं नांव व्हावें तें संगीतकाराचें व गायिकेचें. वाद्यमेळांतील गोमंतकीय वादक मजुरी घेऊन घरीं जात. त्यांचीं नांवें तबकडीवर क्वचितच छापलीं गेलीं. चिक ह्यांस निदान टोपणनांवानें तरी लोक ओळखत; इतरांच्या वांट्यास तेंही आलें नाहीं.

१९६७ मध्यें, पन्नाशी जेमतेम ओलांडली असतां, ते वारले.

'अलबेला' आजही पाहावयास मिळतो. त्यांतील एका नृत्यगीतांत चिक व त्यांचे सोबती पडद्यावर प्रत्यक्ष दिसतात. तें गीत लागलें म्हणजे शब्दांकडे थोडें दुर्लक्ष करावें, आणि गाणाऱ्याच्या दोन ओळींमध्यें जी जागा सुटते, तिकडे कान द्यावा.