घटकाभराचं बळ

घटकाभर टेकायलासुद्धा सवड नाही, हे वाक्य सायखेड्यातल्या मळ्यात काय किंवा नाशिकच्या फ्लॅटमध्ये काय, दिवसातून एकदा तरी आपल्या तोंडून निघतंच. पण मैत्रिणींनो, ही घटका म्हणजे नेमका किती वेळ? बरोब्बर २४ मिनिटं! दिवस-रात्र मिळून ६० घटका. घरोघरी घड्याळं नव्हती तेव्हा पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. पाणी शिरत शिरत वाटी भरली आणि बुडाली, की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त गाठायला हेच घटिकापात्र मांडलं जायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर तो टायमरच!

हल्ली ऑफिसांमधून एकेका कामाला टायमर लावून बसायची पद्धत बरीच रुळली आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटलीतल्या विद्यार्थ्याचं अभ्यासात मन लागेना. त्यानं स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि तो वाजेपर्यंत एकच विषय, असं ठरवलं. पुढे २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असा हिशेब बसला. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव या पद्धतीला पडलं. म्हणजे आपल्या घटकेपेक्षा एकच मिनिट जास्त!

पण दिवसाचे असे नेमके भाग पाडून अख्खं राज्य चालवणारी एक बाई आपल्याकडे अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेली. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. सायखेड्याच्या मैत्रिणींना तर त्या परक्या नाहीतच. निफाडला लागूनच चांदवड तालुका आणि चांदवडला होळकरांचा रंगमहाल. अहिल्याबाईंची देवळं, घाट, बारवा आपल्याला माहीत असतात. त्यांचा रोजचा दिवस कसा जायचा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७३३मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी त्या मल्हारराव होळकरांच्या सूनबाई झाल्या. मल्हाररावांनी या मुलीची बुद्धी ओळखली. स्वतः मोहिमेवर गेले की मागे वसुली, हिशेब, फौजेची सामग्री यांची जबाबदारी ते सुनेवर टाकू लागले. १७५४मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेले. सती जायला निघालेल्या सुनेला सासऱ्यानंच थांबवलं. १७६६मध्ये मल्हाररावही गेले आणि पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला.

बारा-तेरा वर्षांत नवरा, सासरा आणि मुलगा! त्यातच बाई एकटी पडली असं पाहून राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. त्यांनी लढाईची तयारी केली, इतर सरदारांना पत्रं धाडली, माधवराव पेशव्यांचा पाठिंबा मिळवला. राघोबांना परत फिरावं लागलं. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे सोपवून त्यांनी कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि तो १७९५मध्ये डोळे मिटेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २८ वर्षं सांभाळला.

आता त्यांचा दिवस पाहू. तो टिपून ठेवलाय जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं. गंमत म्हणजे १८१७मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध लढलेला हाच माणूस. नंतर माळव्यात राहून त्यानं बाईंच्या आठवणी असलेल्या लोकांकडून माहिती गोळा केली. त्याचं मध्य हिंदुस्थानावरचं पुस्तक १८२३मध्ये छापलं गेलं.

माल्कमनं दिलेला क्रम असा. उजाडायच्या तासभर आधी उठायचं. पूजाअर्चा, मग ठरावीक वेळ पोथी ऐकायची. दानधर्म, ब्राह्मणांना स्वतःच्या हातानं जेवण. मग स्वतःचं शाकाहारी जेवण, पुन्हा प्रार्थना आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबारात यायचं, ते सहापर्यंत तिथेच. नंतर दोन-तीन तास पूजा आणि साधं जेवण. रात्री नऊला पुन्हा कामकाज, ते अकरापर्यंत. अकराला झोप.

आपल्या घटकांत मांडा बरं! दुपारी दहा घटका दरबार, रात्री पाच घटका कामकाज. दिवसाकाठी पंधरा घटका, म्हणजे अवघे सहा तास राज्यकारभाराचे! आपल्यापैकी कितीतरी जणी याहून जास्त तास राबतात. पण अहिल्याबाईंच्या त्या सहा तासांना सुरुवात होती आणि शेवटही होता. दरबारात त्या उघड बसत, तक्रार घेऊन येणाऱ्याचं म्हणणं स्वतः ऐकून घेत. बाई कधी भेटतील ते रयतेला ठाऊक असलं, की दिवसभर दाराशी ताटकळायला नको. ठरलेल्या वेळेचा असा दुहेरी फायदा असतो. भेटायला येणाऱ्याला खात्री आणि काम करणाऱ्याला निवांतपणा.

होळकरांकडे पैशाचीही अशीच दोन खाती होती. एक दौलतीचं, म्हणजे राज्याचं, दुसरं खासगीचं. देशभरच्या धर्मकार्याला बाईंनी हात घातला तो खासगीच्या पैशात. पैशांची खाती वेगळी, तशीच वेळेचीही. पूजेच्या वेळी पूजा, दरबाराच्या वेळी दरबार.

हा नेम सुखाच्या दिवसांतला होता असंही नाही. म्हातारपणी नातू नथ्याबा गेला. १७९१मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईनं परोपरीनं विनवलं, लेक ऐकली नाही. तीन दिवस अहिल्याबाईंनी अन्न घेतलं नाही, की तोंडातून शब्द काढला नाही. त्यानंतर मुलीच्या नावानं सुंदर स्मारक बांधण्यात त्यांनी जीव रमवला आणि पुढची चार वर्षं राज्यही सांभाळलं. दुःख काही वेळापत्रकानं हटत नाही. पण उद्या दुपारी दोन वाजता लोक येणार आहेत, एवढं ठरलेलं असलं की उठायला निमित्त मिळतं. घरातलं माणूस गेल्यावर पुन्हा शाळेत, बँकेत, शेतात जाऊन उभी राहिलेली कुणीही बाई हे सांगेल.

कुणी म्हणेल, त्यांच्या हाताखाली माणसं होती, आपल्याकडे कोण आहे? रास्त आहे. सायखेड्याकडे द्राक्षाचा हंगाम आला की पहाटे डबे, दिवसभर बाग, त्यात लाइट येण्या-जाण्याच्या वेळा. नोकरीवालीच्या टेबलावर फाइल उघडी असते आणि मोबाइल वाजत असतो. आपला वेळ घरातल्या सगळ्यांच्या मालकीचा. म्हणून तर टायमर हवा! सहा तास कुणी देणार नाही, पण एक घटका मागून घेता येते.

त्यासाठी महागाचं काही लागत नाही. एकच काम निवडायचं. बचत गटाचा हिशेब, मुलांचे पेपर तपासणं, ब्लाउजची कटिंग, स्पर्धा परीक्षेचा एक धडा, काहीही. घरात सांगून टाकायचं की एवढी २४ मिनिटं मला हाक मारू नका. मोबाइलवर टायमर लावायचा, आवाज बंद करून तो पालथा ठेवायचा, फक्त टायमरची घंटा तेवढी चालू. मध्येच किराण्याची यादी आठवली तर कागदावर एक शब्द टिपायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. घंटा झाली की उठायचं, पाणी प्यायचं, पाठ मोकळी करायची. काम उरलं तर दुसरी घटका. पहिल्या दिवशी दहा मिनिटांतच उठावंसं वाटेल. वाटू दे. आठवडाभरात बसायची सवय लागते, आणि घरच्यांना न बोलावण्याचीही.

आणि हो, पोर तापानं फणफणलं असेल तर टायमर गेला खड्ड्यात! सणवार, उपासतापास आणि राज्यावरची संकटं आली की अहिल्याबाईंचाही क्रम बदलायचा, हे माल्कमनंच लिहून ठेवलंय. ती वेळ टळली की त्या पुन्हा आपल्या नेमावर यायच्या. आपणही दुसऱ्या दिवशी पुन्हा टायमर लावायचा.